आतेचा दाखला

बत्तीस साली मी मराठी सातवीत होते. "शक्ती श्रेष्ठ की युक्ती?" या निबंधात साहित्यातला दाखला हवाच, असा आगाशे मास्तरांचा हट्ट. मी भागूआतेने सांगितलेली गोष्ट लिहिली: खायला आलेल्या राक्षसाला कोळणीने "आधी जाळं धर" म्हणून दिवसभर राबवलं.

मास्तरांनी लाल शाईत विचारलं, "ग्रंथ कोणता?"

मी चिडून त्यांना थेट मिरकरवाड्याच्या कोळीवस्तीत, आतेच्या दारात आणलं.

आते म्हणाली, "रिकाम्या हातांना मी गोष्ट सांगत नाय. आधी जाळं धरा."

धोतर सावरून मास्तर बसले. दिवेलागणीला सगळं जाळं सांधून झालं.

"आता गोष्ट?" मास्तरांनी विचारलं.

"ती तर आत्ताच झाली!"

मास्तर हसत सुटले. वहीत शेरा आला: "दाखला पटला. राक्षस मीच."