बाहुलीच्या बुडाखालचा आकडा

राबायचं लेकीने आणि नाव व्हायचं बापाचं, यात जर्मनीतल्या थुरिंगियाच्या डोंगरातल्या त्या कारखान्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. चिनी मातीच्या बाहुल्या जोडणाऱ्या प्रत्येक कारागिराला आपला आकडा मिळे. बाहुलीच्या बुडाशी, ओल्या मातीत तो उमटवायचा. कास्पारचे हात थरथरू लागले तेव्हापासून त्याची लेक रोझिनाच हातपाय आणि मुंडकी जोडत होती, खाली मात्र बापाचा सव्वीस उमटवत होती.

हिवाळ्यात कास्पार गेला. एवाल्ट मेस्त्रींनी सव्वीसचा ठसा कपाटात टाकला.

"पोरी, उद्यापासून तू कपांना कान लाव. बायकांचं काम ते."

"मेस्त्री, मला माझा आकडा द्या."

"बाईला आकडा? उद्या भट्टीवरची मांजर मागेल!"

सगळे खदाखदा हसले. रोझिना जागची हलली नाही. शेवटी मेस्त्री वैतागले. "बरं, ती एका पायावरची नर्तकी उभी करून दाखव. पाठीला टेकू म्हणून मातीच्या झाडाचा बुंधा न लावता. मग बघू."

बुंध्याचा टेकू नसला की आचेत माती मऊ होते आणि बाहुली कलंडते, हे मेस्त्री जाणून होते. म्हणून तर एवढे उदार झाले होते!

पहिली कलंडली. दुसरीही कलंडली. रोझिनाला रडू फुटलं, खोटं कशाला बोला. पण दोन्ही शेजारी ठेवल्यावर तिला दिसलं, की दोघी उजवीकडेच झुकल्या होत्या.

"मेस्त्री, आपल्या भट्टीची आच एका अंगाला जास्त लागते."

"वा! नाचता येईना, अंगण वाकडं!"

"अंगण वाकडं असेल तर मी वाकडंच नाचवीन," रोझिना म्हणाली.

तिसरी बाहुली तिने मुद्दाम डावीकडे झुकवून जोडली. शेजारच्या बाकावरचा वाल्टिन वाकून बघायला लागला. "अगं, बिअर पाजलीस की काय हिला?"

"भट्टी उतरवेल तिची."

भट्टी निवली, तोंडाच्या विटा काढल्या. मेस्त्रींनी बाहुली स्वतः उचलून मेजावर ठेवली. सरळ उभी! त्यांनी मेजावर मूठ आपटून पाहिली. नर्तकी ढळली नाही. मग काहीतरी खोट काढायची म्हणून त्यांनी ती उलटी केली. बुडाशी सुईने कोरलेला सत्तेचाळीस होता. कारखान्यात हा आकडा कुणाचाच नव्हता.

"हा कुणाचा?"

"माझा."

"मी दिला नव्हता."

"नव्हता. पण आता भाजून पक्का झालाय."

मेस्त्रींनी त्यावर अंगठा घासून पाहिला.

"आणि पडली असती तर?"

"तर माझी पडली असती, मेस्त्री. बाबांची नाही."