गार न झालेलं चाक

दारापुढे गाडी उभी, गाडीपुढे दोन बादल्या, एकीत साबणाचं पाणी आणि एकीत साधं, स्टुलावर मऊ ब्रश, जुने टूथब्रश, रबरी हातमोजे, आणि या सगळ्या पसाऱ्याशेजारी आमचे हे पायरीवर मख्खासारखे बसलेले. मी दवाखान्यातून माझ्या गोळ्या घेऊन परत आले तेव्हाचं हे दृश्य. दुपारी मुलगी गाडी न्यायला येणार होती आणि अजून एकाही चाकाला पाणी लागलं नव्हतं.

धुवायला कधी घेताय, असं विचारलं तर म्हणाले, “थांब जरा.”

कशासाठी थांबायचं ते काही सांगेनात. माझं डोकं फिरलं. गेले कित्येक महिने हेच चाललं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. समोरचं दिसत असलं तरी कडेची नजर गेली आहे, तेव्हा गाडी चालवणं बंद, असं अगदी स्पष्ट बजावलं होतं. ह्यांच्या मते डॉक्टरांचं मशीन बिघडलेलं होतं. मग चष्म्याचा नंबर चुकला. मग रस्त्यावरचे दिवेच मंद झाले. शेवटी गाडी मुलीला द्यायचं ठरलं, तर आधी टायर बदलायचे होते, मग बॅटरी. आज चाकांचं निमित्त निघालं होतं. मी हात टेकले होते.

ह्यांनी उभा जन्म ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवण्यात काढला. अजूनही रस्त्यात लोक ‘मास्तर’ म्हणून हाक मारतात. मलाही एकदा शिकवायला घेतलं होतं. पहिल्याच दिवशी क्लचवरून इतके ओरडले की मी भर रस्त्यात उतरले आणि चालत घरी आले. शिकाऊ गाडीला अलॉयची चाकं कोणी बसवत नाही, कारण नवखा माणूस फुटपाथला चाक घासणार म्हणजे घासणारच. म्हणून रिटायर झाल्यावर ह्यांनी पहिली हौस केली ती घरच्या गाडीला अलॉय बसवण्याची. मग त्या चाकांचे जे लाड सुरू झाले, ते विचारू नका. माझ्या गुडघ्यांची इतकी विचारपूस या घरात कधी झाली नाही.

एकदा डाग निघेना म्हणून मी आपली बाथरूमचं ॲसिड आणि तारेची घासणी आणून दिली, तर मी विष आणल्यासारखं बघायला लागले. ॲसिडने वरचा थर जातो आणि चाक कायमचं डागाळतं. ब्रेकची काळी पूड गाडीच्या रंगावर ओरखडे पाडते, म्हणून चाकांची बादली आणि फडकं वेगळं. एक चाक धुऊन, पुसून कोरडं केल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. आणि तापलेल्या चाकावर पाणी तर कधीच नाही, साबण तिथल्या तिथे वाळून डाग बसतात. गाडी येत नसली तरी हे सगळं मला तोंडपाठ आहे.

शेवटी वैतागून मीच ब्रश उचलला आणि पुढच्या चाकाशी बसले. काळं कितपत साचलंय ते बघायला हात लावला आणि चटकन मागे घेतला. चाक गरम होतं.

गाडी सावलीत होती. माझ्या माहितीप्रमाणे ती महिनोन्‌महिने जागची हलली नव्हती. म्हणजे माझी पाठ वळताच ह्यांनी ती बाहेर काढली होती. बरं, चोरून केलंत ते केलंत, परत आल्यावर पटकन पाणी मारून मोकळं व्हावं की नाही? तर हा माणूस चाकं गार व्हायची वाट बघत बसला होता.

“कुठे गेला होतात?”

“मैदानापर्यंत. एकच चक्कर.”

“अहो, एखादं पोर आडवं आलं असतं म्हणजे?”

ह्यांनी मान खाली घातली. मग पलीकडच्या चाकाकडे नुसता हात केला. मी वळसा घालून गेले. चाकाची कड बोटभर खरवडली होती, आतला पांढरा धातू उघडा पडला होता.

मी चांगलंच सुनावणार होते, पण ह्यांच्या चेहऱ्याकडे बघून गिळून टाकलं. म्हटलं, मुलीला सांगू, टेम्पोवाला घासून गेला. असं म्हटल्यावर माझाच मला राग आला. पुढे आम्ही दोघांनी मिळून चारही चाकं धुतली. इतकं सगळं होऊन ह्यांनी मला काय सांगावं, तर नटांच्या खाचेत टूथब्रश नीट फिरव.

मुलगी आली, गाडीभोवती फिरली आणि नेमकी त्याच चाकापाशी थांबली. तिला ह्यांनीच शिकवलेलं, तिच्या नजरेतून काय सुटणार?

“हे कधी झालं?”

टेम्पोवाला अगदी माझ्या ओठांवर आला होता.

“मी घासलं,” हे म्हणाले. “आज सकाळी. फुटपाथ मला दिसला नाही.”

इतक्या महिन्यांत हे पहिल्यांदा त्यांच्या तोंडून निघालं. एवढं कबूल करावं म्हणून मी त्यांच्याशी भांडभांड भांडले होते, आणि आता ऐकलं तर मला रडू आवरेना.

ह्यांनी खिशातून किल्ली काढली आणि समोर धरली. मुलगी त्यांच्या डाव्या अंगाला उभी होती. समोर कोणीच नव्हतं. ती दोन पावलं सरकून त्यांच्या पुढ्यात आली आणि तिने किल्ली घेतली.