मधले नऊ दिवस

सलोनीने प्रोग्रॅमच्या चौथ्या ओळीतला दहाचा आकडा खोडला, तिथे एक लिहिला आणि मग विचारलं,

"मॅडम, चालते न?"

सत्यभामा मागच्या रांगेतल्या बंद पडलेल्या संगणकाची वायर हलवून पाहत होती.

"काय चालते?"

"दहा दिवसांचं पाऊल होतं. मी एका दिवसाचं केलं."

पुसदच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचं प्रात्यक्षिक सुरू होतं. सत्यभामाने मुलांना आपल्याच प्रबंधातला एक छोटा प्रोग्रॅम दिला होता. कपाशीवर आज बोंडअळ्या किती, ते सांगितलं की सॉफ्टवेअर दहा दिवसांनी किती होतील ते काढायचं. त्यावरून त्यापुढच्या दहा दिवसांचं. आणि शेवटी पडद्यावर आलेख उमटायचा. अळ्यांची संख्या चढायची, पडायची, पुन्हा चढायची. लाटेसारखी. सत्यभामाच्या प्रबंधाचं पाचवं प्रकरण त्या लाटेवरच उभं होतं.

"एक कायले केलं?"

"दहाव्या दिवशी अळ्या किती, ते यानं सांगतलं. पण मधले नऊ दिवस त्या काय करतात?" सलोनीची नजर पडद्यावरच होती. तिच्या घरची कपाशी तांड्याला लागूनच होती आणि सुटीच्या दिवशी ती वडिलांसोबत बोंडं फोडून पाहायची. "आमच्या वावरात तर त्या थांबून नाही राहत."

मुलं हसली. सत्यभामालाही हसू आलं.

"चालव. पाहू."

आलेख आला. रेघ वर चढली, वाकली आणि सपाट झाली. पडद्याच्या उजव्या कडेपर्यंत सपाटच राहिली.

"मॅडम, लाट कुठं गेली?"

सलोनीकडून आणखी काही पुसलं गेलं असणार, असं सत्यभामाला वाटलं. तिने मुलीला बाजूला सरकायला सांगितलं आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचली. सगळं जागच्या जागी होतं. तिने पुन्हा दहा टाकलं, लाट आली. पाच टाकलं, रेघ सुरुवातीला थोडी थरथरली आणि निवली. दोन टाकलं, सपाट. समीकरण तेच होतं, अळ्या तेवढ्याच होत्या. लांब ढांगा टाकत जाताना सॉफ्टवेअर दर वेळी थोडं पुढे जाऊन पडत होतं, मग मागे येत होतं. ती लाट अळ्यांची नव्हतीच.

तास संपला. मुलं दप्तरं उचलून निघाली तरी सलोनी उभी होती.

"माह्यं काही चुकलं का, मॅडम?"

"नाही," सत्यभामा म्हणाली. "तुझं नाही चुकलं."

स्टाफरूमच्या कपाटात प्रबंधाच्या पाच प्रती बांधून तयार होत्या. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं, आठ वर्षं. सोमवारी त्या विद्यापीठात द्यायच्या होत्या. मुदत एकदा वाढवून झाली होती. पुन्हा मिळेल याची खात्री नव्हती. परीक्षक प्रोग्रॅम चालवून पाहणार नाहीत, छापलेलं चित्र पाहतील आणि पान उलटतील, हेही तिला ठाऊक होतं. तिने एक प्रत उघडली, पाचव्या प्रकरणातलं चित्र बराच वेळ पाहिलं, प्रत मिटली आणि पिशवीत घातली. शनिवारी सकाळी ती यवतमाळच्या एसटीत बसली.

जड जात होतं ते वेगळंच. तो प्रोग्रॅम मुळात तिचा नव्हता. तिचे मार्गदर्शक वामनराव सरांनी तो पंधरा वर्षांपूर्वी लिहिला होता. सरांच्या ज्या पेपरचा लोक अजून दाखला देत, तो याच लाटेचा होता.

यवतमाळला सर घराच्या ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसले होते. सत्यभामाने स्टुलावर लॅपटॉप ठेवला. आधी दहा टाकून आलेख दाखवला, मग एक टाकून.

सरांनी चष्मा लावला.

"पुन्हा कर."

तिने केलं.

"पाच टाक."

तिने टाकलं. आतून चहा आला. दोन्ही कपांवर साय धरली.

"कोणं पकडलं?" सरांनी विचारलं.

"तिसऱ्या वर्षाच्या मुलीनं. मी नाही, सर."

सरांनी मांडीवरच्या वर्तमानपत्राची घडी घातली.

"वावरात आपण दर दहा दिवसांनी मोजणी करत होतो. म्हून मी पाऊलही दहाचंच ठेवलं. लाट दिसली. वावरातही अळी लाटेनंच येते. जुळलं. अन् जुळलं त मंग कोण कायले खोलात जाते?"

"सर, सोमवारी मी प्रबंध देत नाही."

"नको देऊ." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "मीही लिहितो त्या नियतकालिकाले. माह्या पेपरात चूक हाय म्हणून."

बसमध्ये सत्यभामाने सरांच्या तोंडची किती वाक्यं मनात घोळवली होती. त्यांत हे नव्हतं. ती लॅपटॉप मिटू लागली. सरांनी त्यावर हात ठेवला.

"थांब. गणित म्हणते लाट नाही. पण वावरात ते येते. म्या पाह्यली. तुवाही पाह्यली."

"हो, सर."

"मंग ते कशानं येते?"

आठ वर्षांत सरांनी तिला शेकडो प्रश्न विचारले होते. उत्तर त्यांना माहीत असायचं. ते मान किंचित कलती करून ती तिथवर कधी पोचते याची वाट पाहायचे. आज मान सरळ होती. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेन टेकवून ते तिच्याकडे पाहत होते.

"मला नाही माहीत, सर," ती म्हणाली.

"मलेही नाही," सर म्हणाले आणि स्टुलाजवळ सरकून त्यांनी तिला जागा करून दिली.