उतरलेल्या पंचमाचे पत्र

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. कपडे ठेवायची नव्हे. कीर्तनात बुवांच्या डाव्या हाताला बसून गाणारी. शहरातल्या गुलमंडीच्या मागच्या बोळात एका म्हाताऱ्या कारागिराने मला सागवानात घडवले. माझ्या पोटात त्याने पितळेच्या बारीक जिभा बसवल्या. त्यांना रीड म्हणतात. भात्याची हवा लागली की त्या थरथरतात आणि सूर निघतो.

पुंडलिकबुवांनी मला घरी आणले तेव्हा ते वाळूजच्या एका कारखान्यात नुकतेच लागले होते. एरवी यंत्रावर उभे, आणि एकादशीला बजाजनगरच्या मंदिरात कीर्तनाला उभे. काय ते दिवस होते! पाळी सुटलेली माणसे कंपनीच्या कपड्यांतच मागे येऊन बसत, आणि आख्यान रंगले की टोपीने डोळे पुसत. माझ्या सुराला लोक माना डोलवत. भगवंताच्या नावाला आपला सूर लागावा, याहून लाकडाचे आणखी काय भाग्य?

पुढे मंदिरात विजेवर वाजणारे नवे वाद्य आले. मला चादर गुंडाळून खाटेखाली सरकवले. कुणी वाईट वागले नाही हो, फक्त विसरले. ओल धरली, धूळ बसली आणि माझा पंचमाचा सूर खाली उतरला.

मला बाहेर काढले ते बुवांच्या मुलीने, राजनंदिनीने. बारावीचा अभ्यास, त्यात दक्षिणेतल्या एका मोठ्या महाविद्यालयात भौतिकशास्त्रासाठी केलेला अर्ज. तो पाठवून झाल्यावर तिला चैन पडेना म्हणून तिने माझे झाकण उघडले. मोबाइलवर सूर मोजत तिने पंचमाची रीड घासायला घेतली. पण घासली ती बुडाशी, आणि सूर आणखीनच खाली गेला. ती घाबरली. मग अडगळीतल्या एका मोडक्या पेटीच्या रिडा आणून तिने त्यांच्यावर हात बसवला. टोकाशी घासले तर सूर चढतो, बुडाशी घासले तर उतरतो, हे तिचे तिला उमगले. माझा पंचम जागेवर आला तेव्हा ती कितीतरी वेळ तो एकच सूर धरून बसली होती.

मग अर्जाचा निकाल आला. प्रवेश मिळाला नव्हता आणि नाकारलाही नव्हता. तिचे नाव प्रतीक्षायादीत होते. अजून यायची इच्छा असेल तर एका पानाचे पत्र स्वतः लिहा, अर्जानंतर नवे काय घडले ते सांगा, दुसऱ्यांची शिफारसपत्रे जोडू नका, असे त्यात लिहिले होते. फीची माफी मिळेल असे तेवढे एकच ठिकाण होते. पोर भिंतीकडे तोंड करून रडली.

बुवा तिच्याजवळ बसले. पूर्वरंग संपला की बुवांना बुक्का लावतात, हार घालतात, तेव्हा नवखी माणसे कीर्तन संपले समजून चपला शोधायला लागतात, हे तिला ठाऊक होते. "नंदे," ते म्हणाले, "मधला बुक्का चाललाय. कीर्तन सुटलं नाय अजून."

एवढे बोलून ते थांबले असते तर बरे झाले असते. पण बापाचे मन! दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते वैजापूरला गेले आणि गावाकडचे पुढारी तात्यासाहेब यांच्याकडून लेटरहेडवर शिफारस घेऊन आले. सही, शिक्का, सगळे झोकात. आपल्याकडे शाळेपासून दवाखान्यापर्यंत दारे अशीच उघडतात, असा त्यांचा अनुभव. नको म्हणतात ते नुसते म्हणायला, असे त्यांनी मुलीला समजावले.

इकडे राजनंदिनीनेही एक पत्र लिहिले होते. आपले महाविद्यालय थोर आहे, तिथे शिकणे हे माझे लहानपणापासूनचे स्वप्न आहे, वगैरे. तिने ते मोठ्याने वाचले. पोळ्या लाटता लाटता तिची आई भागूबाई म्हणाली, "लहानपणी तर तू एसटीत कंडक्टर व्हनार व्हतीस."

राजनंदिनीला हसू आले, आणि तिने तो कागद फाडला. मग माझ्या झाकणावर ठेवलेले ते लेटरहेड उचलून तिने बुवांच्या हातात दिले.

"अप्पा, नारदाच्या गादीवर तुम्ही उभे असता, तवा कुनाची शिफारस घेता का?"

 कीर्तनाच्या त्या गादीवर उभे असताना बुवांनी कधी पुढाऱ्याला वाकून नमस्कार केला नव्हता, की कुणाचा सत्कार मध्ये घुसू दिला नव्हता. त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि तात्यासाहेबांना फोन लावला.

"माझ्या सहीला काय वाळवी लागली व्हय, बुवा?" पलीकडून आवाज आला.

"सही लई मोठी हाय, तात्यासाहेब. पर मागनं पोरीचं हाय. तिचं तिलाच मागू द्या."

आता तिच्यापुढे कोरा कागद उरला. नवे काय घडले? काहीच तर नाही, असे ती पुटपुटली. सवयीने तिचा हात माझ्या भात्याकडे गेला, बोट पंचमावर पडले, आणि ती थबकली.

मग तिने माझ्याबद्दल लिहिले. आधी मराठीत, मग इंग्रजीत. चुकून बुडाशी घासलेली रीड, मोडक्या पेटीवरचे प्रयोग, आणि अजून न सुटलेला प्रश्न: ओल्या हवेत माझा सूर का हलतो? शेवटी साधे वाक्य लिहिले: 'जागा मिळाली तर मी नक्की येईन.' ती वाचत होती आणि मला कळत होते की हे पत्र पोचले, तर मला दुरुस्त करणारे हात या घरातून जातील. तरी मी मनातल्या मनात तिच्यासाठी विठ्ठलाला आळवले.

पत्र पोचले. जागा मिळाली. निघताना तिने माझ्यावर डोके टेकवले आणि गेली.

आता संध्याकाळी दिवा लावून झाला की भागूबाई माझ्यापुढे बसते. तिला वाजवता येत नाही. हवा खेळती राहावी एवढ्यासाठी ती भाता हलवते आणि एकच पट्टी दाबते. मित्रांनो, तुमच्याही घरात खाटेखाली असे कुणीतरी मुके बसले असेल. त्याला गाता आले पाहिजे असे नाही. चादर बाजूला करा, धूळ पुसा, अधूनमधून थोडी हवा लागू द्या. तेवढ्यावर आम्ही वाजवणाऱ्या हातांची पुष्कळ वर्षे वाट पाहू शकतो.