वर सांडणारा उजेड

मी खांब क्रमांक सदतीस बोलतोय. तळ्याकाठच्या वळणावरचा दिवा. लोक माझ्याखाली थांबून मोबाइल बघतात, पण मान वर करून माझ्याकडे कोणी बघत नाही. मी मात्र सगळ्यांना बघत असतो.

कारखान्यात मला वाकवलं, रंगवलं आणि ट्रकमध्ये आडवा टाकून इथे आणलं. बरीच वर्षं माझ्याकडे मंद पिवळा बल्ब होता. मग वायरमनकाकांनी तो काढून पांढराशुभ्र एलईडी बसवला. काय थाट झाला माझा! तळ्याचं पाणी, शेजारचं झाड, वरचे ढगसुद्धा मी उजळून टाकले. शेकडो किडे-पाखरं माझ्याभोवती घिरट्या घालू लागली. मला वाटलं, माझ्यावर जीव जडलाय त्यांचा.

पण सकाळी रस्ता झाडणाऱ्या मावशी माझ्या पायाशी मेलेल्या किड्यांचा ढीग गोळा करत. "आजपण सुपलीभर!" त्या पुटपुटत. मला कोडं पडलं. बरं, शेजारच्या झाडाची सगळी पानं गळली, तरी माझ्याजवळची एक फांदी हिरवीच राहिली. तिला काय झालं होतं?

उत्तर मिळालं ते जवळच राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेकडून. बाई रोज संध्याकाळी वही घेऊन यायच्या आणि किडे मोजायच्या. वायरमनकाका त्यांचे जुने विद्यार्थी. एकदा बाईंनी त्यांना बोलावून घेतलं.

"बाई, एवढं काय लिहिता त्या वहीत?"

"अरे, हे किडे दिव्यावर भाळून येत नाहीत. उजेड म्हणजे वरचं आभाळ, असं समजून ते पाठीची बाजू त्याच्याकडे ठेवून त्याच्याभोवतीच फिरत राहतात. मग वर कुठलं नि खाली कुठलं तेच कळत नाही. दमून पडतात बिचारे. त्या फांदीला वाटतं, दिवस अजून मोठाच आहे, म्हणून ती पानं गाळत नाही. आणि काजवे लुकलुकून एकमेकांना साद घालतात, ती या झगझगाटात दिसणार कशी? हा पांढरा दिवा लागल्यापासून तीन वर्षांत इथे एकही काजवा दिसला नाही. दिवा बंद कर बाबा."

मी गारच पडलो. म्हणजे ते प्रेम नव्हतं. मी त्यांची वाट चुकवत होतो!

तेवढ्यात ड्युटी संपवून घरी निघालेली नर्स थांबली. "बाई, काजवे मलाही आवडतात. पण मागे दिवा बंद पडला होता, तेव्हा अंधारात याच वळणावरच्या खड्ड्यात माझा पाय मोडला होता. दीड महिना प्लॅस्टरमध्ये होते. मी घरी कशी जाऊ?"

बाईंनी वही मिटली. "खरंच गं. हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

काका डोकं खाजवत माझ्याकडे बघत राहिले. पहिल्यांदाच कोणीतरी मला इतकं निरखून बघत होतं.

"बाई, बंद कशाला करायचा? रस्ता खाली आहे आणि हा शहाणा अर्धा उजेड आभाळात सांडतोय. याला टोपी घालू या."

वरिष्ठांची परवानगी मिळायला दोन महिने गेले. मग काकांनी मला पत्र्याची खोल टोपी घातली, तोंड खाली वळवलं आणि मंद, पिवळसर दिवा लावला. नर्सने वळणावर दोन फेऱ्या मारून बघितलं. "खड्डा दिसतोय," ती म्हणाली. "उलट डोळे दिपत नाहीत, ते बरं झालं."

मावशींची सुपली हलकी झाली. आणि काजव्यांच्या पुढच्या मोसमात एका संध्याकाळी नर्स तळ्याकाठच्या गवताशी थबकली. तिने लगेच बाईंना फोन लावला. "बाई, चप्पल घाला नि या आधी!"

बाई धापा टाकत आल्या. गवतात एक हिरवट ठिपका लुकलुकत होता. एकच. बाईंनी वही उघडली, पण लिहायचं सोडून त्या नुसत्या बघत राहिल्या.

काजवा बराच वेळ साद घालत होता. उत्तर आलं नाही. तळ्यापलीकडे कोणाच्या तरी गच्चीवर मोठा पांढरा दिवा उगाचच जळत होता.

तो तुमचा तर नाही ना? असेल, तर जरा उठता का? बटण दाराशीच असेल.