अंड्यातलं वय

अंडं फुटलं आणि गोदामातल्या सगळ्या बायकांनी श्वास रोखला.

काचेच्या वाडग्यात आधी पिवळा बलक पडला आणि त्याच्या पाठोपाठ पांढऱ्या केसांचा एक बुळबुळीत गुंता. माईने तो चिमटीत धरून डोक्यापेक्षा उंच नेला.

"बघून घ्या, लेकींनो! हे हिचं वय. पोटात दबा धरून बसलं होतं, बाळाची वाट अडवत होतं. उतरवलं मी! आता ही आतून वीस वर्षांची!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. जिचं वय उतरलं ती बाई हुंदके देत माईच्या पायांवर कोसळली. उठताना तिला दोघींनी धरून उठवावं लागलं, कारण गुडघे काही वीस वर्षांचे झाले नव्हते. पण तेवढं बघायला शुद्धीवर होतं कोण?

फर्निचरच्या दुकानामागचं हे गोदाम. खिडक्यांना जाड पडदे लावलेले, उजेड एकाच पिवळ्या दिव्याचा. उशिरा दिवस गेलेल्या बायकांसाठीच ही बैठक असायची. पद्धत ठरलेली होती. आधी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या दाराशी ठेवलेल्या बादलीत टाकायच्या. "औषधाने पोटाचं कवच टणक होतं. मग वय बाहेर यायचं कुठून?" मग माईची चेली टोपलीतून एक अंडं काढून द्यायची. माई ते पोटावरून फिरवायची, काहीतरी पुटपुटायची आणि फोडायची. केस काळ्या फडक्यात बांधून हातात द्यायची. गाठ न सोडता पुरायचे, उलगडून पाहिलं तर वय परत पोटात शिरणार. जाताना माईच्या तेलाची बाटली मात्र विकत घ्यावी लागे.

गर्दीत मागच्या खुर्चीवर पार्लरवाली बसली होती. पुढचा नंबर तिचा होता.

तिचं लग्न उशिरा झालं, आणि मूल होण्याची आशा सोडून दिल्यावर चाळिशी उलटताना दिवस राहिले. ही बातमी कळल्यापासून तिच्या खुर्चीत केस कापायला बसलेली प्रत्येक बाई आरशातून तिच्या पोटाकडे बघायची. "या वयात? धाडस आहे हो तुमचं!" "माझ्या चुलतसासूच्या भाचीचं असंच उशिरा होतं, बाळ गेलं बिचारीचं." "मूल शाळेत जाईल तेव्हा लोक तुम्हाला आजी म्हणतील." लोकांना काळजी वाटते म्हणून ते बोलतात, असं म्हणायची रीत आहे. खोटं आहे ते. दुसऱ्याच्या भीतीत बोट घालून ढवळायला लोकांना मजा येते. कात्री चालवता चालवता पार्लरवाली हसून सगळं ऐकून घ्यायची आणि गिऱ्हाईक गेलं की मोरीत जाऊन रडायची.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तेवढ्या सरळ बोलल्या होत्या. "वय जास्त आहे, तेव्हा धोका थोडा जास्त आहे. म्हणूनच तुमच्यावर लक्षही जास्त ठेवणार. तुमचा रक्तदाब चढतोय. या गोळ्या चुकवायच्या नाहीत. पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर असाल तशा निघून या."

हे ऐकून सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "ही डॉक्टरीण धीर देते की घाबरवते? ती माई बघ, एका अंड्यात मोकळं करते!" नवरा मालाचा ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर होता. फोनवर म्हणाला, "आई म्हणतेय तर जाऊन ये, जातंय काय?" आणि खरं सांगायचं तर पार्लरवालीलाही जायचंच होतं. धोका थोडा जास्त असं सांगणाऱ्यापेक्षा धोका गेला असं सांगणारा माणूस कुणाला आवडत नाही?

तिने गोळ्यांची पट्टी बादलीत टाकली. अंडं फुटलं. तिच्या अंड्यातून निघालेला गुंता चांगला लिंबाएवढा होता. "जुनं वय होतं, चिवट होतं!" माई गरजली. पार्लरवालीला इतकं हलकं वाटलं की घरी जाताना ती गुणगुणत होती.

आठवडाभरात तिची चप्पल पायात जाईना. डोकं ठणकू लागलं. सासूबाईंनी माईला विचारून घेतलं. माईचं उत्तर तयार होतं. "वय निघून जाताना अंग सुजतंच. दवाखान्यात गेलात तर केलेलं सगळं फुकट. मग बाळाचं बरंवाईट झालं तर माझ्याकडे यायचं नाही." म्हणजे बाळ सुखरूप आलं तर माईमुळे, आणि नाही आलं तर तुमच्या पापाने. असा धंदा मिळाला तर कोण सोडेल?

काळं फडकं अजून पुरलेलं नव्हतं. घराला अंगण नव्हतं आणि वाकायला अंग साथ देत नव्हतं. ते पार्लरच्या खणात पडून होतं, आणि सडक्या अंड्याचा असा भपकारा सुटला की एक बाई अर्धे केस कापून घेऊनच उठून गेली. शेवटी वैतागून पार्लरवालीने फडकं बेसिनमध्ये नेलं. वय परत शिरेल याची धास्ती होतीच. पण घाण केस दिसले की ते धुवायचे, ही हाताला लागलेली सवय धास्तीपेक्षा जुनी होती. तिने गाठ सोडली, शाम्पू ओतला, दोनदा धुतले, टॉवेलने टिपले आणि खिडकीपाशी उजेडात धरले.

आणि तिथेच तिचा हात थबकला.

केस अर्धे पांढरे होते, अर्धे जांभळे. गोदामातल्या पिवळ्या उजेडात, बलकाने माखलेले असताना ते कळलं नव्हतं.

हा जांभळा रंग बाजारात मिळत नव्हता. पोस्टातून निवृत्त झालेल्या बाईंना कुठलीच तयार छटा पसंत पडेना, म्हणून पार्लरवालीनेच दोन ट्यूब मिसळून तो केला होता. पुढे बाई कलपाला कंटाळल्या, मुळाशी पांढरे केस बोटभर वाढले, आणि "काप बाई सगळं एकदाचं" म्हणून गेल्याच महिन्यात याच खुर्चीत बसून त्यांनी केस आखूड करून घेतले होते. पार्लरवालीने एकेक केस बोटांतून ओढून पाहिला. कंगव्यात गळून येणाऱ्या केसाला टोकाशी बारीकशी मुळी असते. यातल्या एकालाही नव्हती. सगळे कात्रीचे.

मग तिला आठवली माईची चेली. "गुलाबांना खत होतं हो," असं म्हणून पार्लरमधले झाडलेले केस दर दोन दिवसांनी पिशवीत भरून नेणारी! पार्लरवाली तिला हौसेने पिशवी भरून द्यायची. बयेला वेगवेगळ्या पार्लरांत हिंडायचा कंटाळा, म्हणून जिच्या पार्लरमधले केस तिलाच विकले.

पार्लरवालीने नणंदेला फोन लावला. नणंद शाळेत विज्ञान शिकवायची आणि माईचं नाव काढलं की भांडायची, म्हणून तिला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. ती गाडी घेऊन आली ती ओरडतच.

"गोळ्या टाकल्यास? वहिनी, तू पण? पाय बघ तुझे! बस गाडीत, आधी दवाखाना."

"चल. पण वाटेत गोदामापाशी थांबव."

"मुळीच नाही."

"अगं, आज कोपऱ्यावरच्या चहावालीचा नंबर आहे. तिलाही सातवा लागलाय आणि तिलाही रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. मीच तिला सांगितलं होतं जा म्हणून." तिने नणंदेचं मनगट धरलं. "पाचच मिनिटं."

नणंदेने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत गाडी वळवली.

गोदामात चहावाली बादलीपाशी उभी होती, हातात गोळ्यांची पट्टी. पार्लरवालीने आत शिरताच तिचा हात धरला.

"टाकू नकोस. थांब जरा."

"कोण ती मध्ये बोलणारी?" माईने मान वळवली आणि लगेच आवाजात मध ओतला. "अगं तू होय? कशी हलकी दिसतेस बघ! बघा गं, हिचं वय मी उतरवलं."

"हो तर. तेच दाखवायला आणलंय." पार्लरवालीने धुतलेला पुंजका वर धरला.

बायका मागे सरकल्या. "उघडलंस? अगं, परत शिरेल ना पोटात!"

"शिरायचं तर पोस्टातल्या बाईंच्या पोटात शिरेल. बाई, जरा पुढे या."

उशिरा दिवस गेलेल्या सुनेला घेऊन पोस्टातल्या बाईही आल्या होत्या. त्या काही न समजून पुढे आल्या. पार्लरवालीने पुंजका त्यांच्या कानाशी धरला. वरचा पांढरा रंग तंतोतंत जुळला, आणि खालच्या जांभळ्याला तर ओळखीची गरजच नव्हती. बाईंचं जांभळं डोकं सगळ्या वस्तीने वर्षभर पाहिलं होतं, त्यावरून हसूनही झालं होतं.

"अगंबाई, हे तर माझे केस!" बाई किंचाळल्या.

"माईंना एकच विचारायचंय," पार्लरवाली म्हणाली. "माझं वय माझ्या पोटात बसलं होतं ना? मग ते कलप लावून बसलं होतं का?"

मागून कुणीतरी फस्सकन हसलं. माईचा चेहरा क्षणभर उतरला, पण जीभ सैल होती. "वय कुणाचंही रूप घेतं! शंका घेणारीच्या पोटी काय होतं ते मी बोलत नाही, पण—"

"बोलूच नका," नणंद म्हणाली. तिने भिंतीवरचं बटण दाबून दिवा घालवला, टोपलीतलं एक अंडं उचललं आणि मोबाइलचा टॉर्च त्याला खालून टेकवला. अंडं केशरी उजळलं. त्याच्या मधोमध काळाकुट्ट गोळा दिसत होता.

"हे अजून कुणाच्या पोटावरून फिरलेलं नाही. मग यात कुणाचं वय आहे?" तिने दुसरं उचललं. तिसरं उचललं. प्रत्येकात गोळा. "सुईने भोक पाडायचं, थोडं पांढरं काढून घ्यायचं, पिनेने केस आत कोंबायचे. भोक बुजवायला टरफलाची पूड आणि डिंक. घ्या, नखाने खरवडून बघा."

मग चहावालीने आपला मोबाइल काढला. बघता बघता पाच-सहा टॉर्च लागले, बायका टोपलीवर तुटून पडल्या, नखं चालू लागली. एकीच्या हातात बुचासारखा टवका निघून आला आणि भोकातून केसाचं टोक डोकावलं. चेली मागच्या दाराने सटकली होती. माई ओरडत होती, "भोगाल! एकेक जणी भोगाल!" पण आता तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. खरं म्हणजे सगळ्याच बघत नव्हत्या असंही नाही. दोघी-तिघी अजून हात जोडून उभ्या होत्या. त्यातली एक म्हणालीसुद्धा, "अंडी खोटी असतील, पण माई खरी असेल." अशांचं काय करावं हे या लेखणीला अजून कळलेलं नाही.

चहावालीने पट्टी पदरात बांधली आणि गाडीत पार्लरवालीच्या शेजारी येऊन बसली. न सांगता.

दवाखान्यात रक्तदाब मोजला आणि डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. प्रश्न विचारायला वेळ नव्हता. संध्याकाळी शस्त्रक्रिया करून बाळ काढावं लागलं, दिवस भरायच्या आधीच. मुलगी झाली. इतकी लहान की तिला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, आणि पार्लरवालीला पुढे कितीतरी दिवस तिला नुसतं बाहेरून बघावं लागलं.

"अजून एक दिवस घरी काढला असता," डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, "तर मी तुम्हा दोघींपैकी कुणाचीच खात्री दिली नसती. वयाचं म्हणाल तर तुमच्या वयाच्या कितीतरी बायका माझ्याकडे सुखरूप बाळंत होतात. वयाने तुम्हाला इथवर आणलं नाही. गोळ्या बंद केल्याने आणलं."

सासूबाई पेटीच्या काचेला कपाळ टेकून रडत होत्या. "मीच पाठवलं गं हिला," एवढंच परत परत म्हणत होत्या. पार्लरवालीने त्यांना समजावलं नाही. तेवढा मोठेपणा त्या दिवशी तिच्यात नव्हता.

माईने गोदाम सोडलं. ती कुठल्या तरी दुसऱ्या वस्तीत नव्या टोपलीसह बसली असणार, आणि तिथेही कुणी घाबरलेली बाई पट्टी हातात घेऊन बादलीपाशी उभी असणार. उशिरा मूल होणाऱ्या बाईला भीती वाटणं यात वेडगळ काही नाही. भीती खरी आहे, धोकाही थोडा खरा आहे, आणि त्यावर उपाय आहे: तपासणी, गोळ्या, वेळेवर दवाखाना. वय अंड्यात उतरत नाही, फडक्यात बांधता येत नाही, पुरताही येत नाही. पोटुशी बाईला औषध बंद कर म्हणणारी माई असो, बाबा असो, नाहीतर घरातलं वडीलधारं माणूस असो, त्याचं ऐकू नका. तिच्या मुठीतली पट्टी तिच्याकडेच राहू द्या आणि तिला डॉक्टरकडे घेऊन जा.