हाइकचं विरजण

हाइक गावाहून आद्दिस अबाबाला जाणाऱ्या बसमध्ये अस्नाकेचनं खिडकीची जागा पटकावली, टोपली पायाशी सरकवली आणि प्लास्टिकची बाटली मात्र मांडीवर घेतली. खांद्यावरच्या पांढऱ्या सुती शालीच्या, नेतेलाच्या, पदरात गुंडाळून, तान्ह्या बाळाला धरावं तशी.

"औषध का गं?" शेजारच्या म्हाताऱ्यांनी विचारलं. त्यांचं नाव वर्कू, वयाच्या मानानं सगळे 'गाशे' म्हणत. डोक्यावर नवी कोरी लोकरी टोपी होती.

"विरजण आहे, गाशे. इंजेराचं. माझ्या लेकीसाठी."

"आद्दिसात विरजण मिळत नाही?"

"मिळतं की! म्हणून तर तिची इंजेरा आंधळी निघते."

तेफ धान्याच्या आंबवलेल्या पिठाच्या या मोठ्या धिरड्याला जाळीचे डोळे पडले नाहीत, की ती इंजेरा आंधळी. गाशे वर्कू खो खो हसले, पण अस्नाकेचला हसू आलं नाही. तिच्या लेकीनं, माहदेरनं, शिवणकारखान्यातली नोकरी सोडून, साठवलेलं सगळं घालून इंजेरा विकायला विजेचा मोठा तवा घेतला होता. समोरच्या खाणावळीच्या मालकीणबाई, वेझेरो देस्ता, यांनी तिची पहिली चळत परत पाठवली. इंजेरावर डोळेच नाहीत, माझी गिऱ्हाइकं रस्सा कशात मुरवणार, असं म्हणाल्या. शुक्रवारी आणखी एकदा दाखव, नाहीतर मी दुसरी बाई बघते. हे लेकीकडून फोनवर ऐकल्यावर अस्नाकेचनं आंबलेल्या तेफच्या पिठावरचं पिवळसर पाणी बाटलीत ओतलं, सगळा जोर लावून झाकण आवळलं आणि मंगळवारची पहिली गाडी धरली. तिच्या सासूच्या काळापासून ते विरजण एकदाही मोडलं नव्हतं. पण आजवर ते मडक्यात राहिलं होतं, फडक्याखाली. त्याला झाकण कधी कुणी लावलंच नव्हतं.

शेवा रोबितच्या उकाड्यात बाटली कोमट झाली. मग गाडी तार्माबेरचा घाट चढू लागली. आत विरजण जोमानं फसफसत होतं आणि बाहेर हवा विरळ होत चालली होती. बाटलीला दोन्हीकडून घाई झाली होती.

"अगं, ही बघ कशी टम्म फुगलीय!" गाशे वर्कू म्हणाले. "जरा सैल कर, नाहीतर फुटेल."

तिनं झाकण जरासंच फिरवलं. फस्सकन कारंजं उडालं ते थेट छतापर्यंत! गाशे वर्कूंची टोपी भिजली, तिची नेतेला चिंब झाली. दचकून तिच्या हातातून बाटली निसटली आणि उरलंसुरलं ओतत थेट ड्रायव्हरच्या पायापर्यंत घरंगळत गेली.

"कुणाची भट्टी फुटली रे?" मागून कुणीतरी ओरडलं. अख्खी बस हसली. गाशे वर्कूंनी मिशीवरचा थेंब चाटला आणि म्हणाले, "विरजण मात्र फक्कड आहे हं!"

अस्नाकेचला रडू की हसू कळेना. रिकाम्या हातानं लेकीपुढे कसं जायचं?

आद्दिसच्या लाम बेरेत बसस्थानकावर उतरल्यावर तिला पहिल्यांदा दिसला तो नळ. आंबूस वासानं माणसं वळून बघत होती. निदान वास तरी घालवू, म्हणून तिनं नेतेला काढली, नळाखाली धरली आणि तोटीला हात घातला.

"इमाये! आई, इकडे!"

माहदेर गर्दीतून धावत आली, आईच्या गळ्यातच पडली आणि नाक आक्रसून म्हणाली, "आई गं, तुला तर आपल्या स्वयंपाकघराचा वास येतोय!"

"सांडलं गं सगळं," अस्नाकेच पुटपुटली. "बाटलीत थेंब नाही उरला."

माहदेरनं आईच्या टोपलीतल्या रिकाम्या बाटलीकडे पाहिलं. मग ओल्या नेतेलाकडे. तिचे डोळे मोठे झाले.

"धुतलीस का ही?"

"धुणारच होते."

"धुऊ नकोस! पिळूसुद्धा नकोस! विरजण इथंच तर आहे. चल, सुकायच्या आत घरी पोचू."

"अगं, देवळात पांघरायची नेतेला आहे ती!"

"देव समजून घेईल, वेझेरो देस्ता नाही घेणार!"

दोघी टॅक्सीकडे अक्षरशः पळत सुटल्या.

घरी येताच माहदेरनं नेतेलाचा ओला भाग पाण्यात खळबळून काढला, त्याच पाण्यात तेफचं पीठ कालवलं आणि वर फडकं टाकलं. झाकण नाही. बुधवारी पीठ गप्प होतं. अस्नाकेच दर थोड्या वेळानं फडकं उचलायची आणि माहदेर तिला दटावायची, "त्याला झोपू दे की!" गुरुवारी दुपारी पहिला बुडबुडा आला. "आला! अगं, आला!" अस्नाकेच एवढ्यानं ओरडली की शेजारीण धावत आली.

शुक्रवारी सकाळी तवा तापला. माहदेरनं पीठ गोल गोल ओतलं आणि दोघी श्वास रोखून बघत राहिल्या. एक डोळा उघडला. मग दहा. मग मोजता येईनात. माहदेरनं आईचा हात इतका आवळला की बांगडी रुतली.

समोरून आलेल्या वेझेरो देस्तांनी तुकडा तोडला, उजेडासमोर धरला, रश्श्यात बुडवून खाल्ला. बराच वेळ चावत राहिल्या.

"सोमवारपासून रोज पाठव," शेवटी त्या म्हणाल्या. "विरजण कुठलं गं हे?"

माहदेरनं ओठ घट्ट दाबले. अस्नाकेचनं खांद्यावरची, आता स्वच्छ धुतलेली नेतेला सावरली.

"हाइकचं," ती म्हणाली. "बसनं आलं."

मालकीणबाई गेल्या आणि दोघी तव्यापाशी बसून पोट दुखेस्तोवर हसल्या.

"एकच चुकलं माझं," अस्नाकेच डोळे पुसत म्हणाली. "गाशे वर्कूंची टोपी मागून घ्यायला हवी होती. आणखी एका खाणावळीचं विरजण होतं तिच्यात!"